इंग्रजी ‘चेक’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि ‘चेक करणे’ यांतला चेक हा एकच शब्द आहे की हे तीन वेगळे शब्द आहेत?

हा मुळात एकच शब्द आहे. इंग्रजीत त्याची दोन स्पेलिंगे झाल्यामुळे आणि अर्थ एकमेकांपासून फार दूर गेल्यामुळे हे शब्द केवळ उच्चाराने सारखे असावेत असे वाटते. पण बँकेतला कागद, कापडावरच्या चौकटी, तपासणी, अडथळा आणि बुद्धिबळातला शह या सर्वांचा उगम बुद्धिबळाच्या पटावर आहे. मराठी वाचकाला याचे विशेष अगत्य असायला हवे, कारण ज्या फारसी शब्दापासून इंग्रजी ‘चेक’ निघाला, तोच शब्द आपल्याकडे कितीतरी सरळ वाटेने आला आणि ‘शह’ या रूपात आजही रोजच्या मराठीत वावरतो आहे.

मग या शब्दाचे मूळ नेमके कोणते?

मूळ शब्द फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. भारतातला चतुरंग हा खेळ इराणात ‘चत्रंग’ या नावाने पोहोचला, तेव्हा हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून पडलेले त्याचे संस्कृत नाव इराण्यांनी थोड्या बदलाने तसेच ठेवले. मात्र मधल्या सोंगटीला ते आपल्या भाषेत शाह म्हणू लागले आणि प्रतिस्पर्ध्याच्या राजावर चाल आली की ‘शाह!’ असा पुकारा करू लागले. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर हा खेळ ‘शतरंज’ या नावाने अरबी जगात पसरला आणि तिथून स्पेन व इटलीच्या मार्गाने इ. स. १०००च्या सुमारास युरोपला चांगला परिचित झाला.

या प्रवासात ‘शाह’ शब्दाच्या शेवटी असलेल्या हकाराचा युरोपीय तोंडी ककार झाला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर त्यांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत, पुढचा ‘ए’ गळून, ‘चेक’ असे रूप सिद्ध झाले. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचे ‘चेस’ हे नाव आले, म्हणजे शब्दार्थाने पाहिले तर ‘चेस’ म्हणजे ‘अनेक राजे’. जर्मन ‘शाख’, इटालियन ‘स्काको’ आणि रशियन ‘शाखमाती’ हे सगळे याच कुळातले आहेत.

‘शाह’ या शब्दाचा संस्कृतशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो उसनवारीचा नसून सख्ख्या नात्याचा आहे. ‘शाह’ हा शब्द प्राचीन फारसीतील ‘क्षायथिय’ या राजवाचक शब्दापासून झिजत आला आहे. सत्ता असणे, अधिकार चालवणे या अर्थाचा जो जुना धातू त्याच्या मुळाशी आहे, त्याच धातूचे संस्कृतातील अपत्य म्हणजे ‘क्षत्र’, आणि त्यावरून क्षत्रिय. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत ज्यांचा उल्लेख येतो, त्या नहपानासारख्या राजांची ‘क्षत्रप’ ही पदवीही इराणी शासनव्यवस्थेतून आली असून तिच्यातले ‘क्षत्र’ हेच आहे. तेव्हा आपण ‘तिकीट चेक करा’ असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या तळाशी क्षत्रिय शब्दाचा एक दूरचा भाऊबंद असतो.

मराठीतील शह, शहाजी, शहाणा, शाहीर हे सर्व शब्द ‘शाह’वरूनच आले आहेत का?

नाही, आणि इथे काळजी घेणे आवश्यक आहे. ‘शह’, ‘काटशह’, ‘पातशहा’ आणि ‘शाही’ हे शब्द निश्चितपणे या कुळातले आहेत. शहाजी हे नावही ‘शाह’शी जोडलेले आहे: मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला होता आणि म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. ‘शहाणा’ मात्र संस्कृत ‘सज्ञान’ या शब्दापासून आला आहे आणि ‘शाहीर’ हे कवी या अर्थाच्या अरबी ‘शाइर’ शब्दाचे मराठी रूप आहे. केवळ ध्वनी जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळवणे हा भाषेच्या अभ्यासातला सर्वांत सोपा आणि सर्वांत नुकसान करणारा मोह आहे.

‘चेकमेट’ म्हणजे ‘राजा मेला’ असे सांगितले जाते. ते बरोबर आहे का?

हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे, पण ते पूर्णपणे स्वीकारता येत नाही. मूळ शब्दप्रयोग ‘शाह मात’ असा आहे. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’, म्हणून अरबी जाणणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा घेतला. परंतु खेळ इराणातून अरबांकडे गेला, उलट नव्हे. आणि फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल झालेला, कुंठित झालेला, ज्याला पुढे काही सुचत नाही असा. हा अर्थ खेळाच्या नियमांशीही अधिक जुळतो, कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला पळायला जागा उरली नाही की डाव तिथेच थांबतो. मला हेच स्पष्टीकरण अधिक पटते. मराठीत आपण ‘संकटावर मात केली’ असे म्हणतो, तेव्हाही आपल्या मनात संकटाला ठार केल्याचा भाव नसतो. त्याचे आपल्यापुढे काही चालले नाही, एवढाच असतो.

राजावर आलेल्या शहापासून ‘तपासणे’ हा अर्थ कसा निघाला?

या शब्दाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून तो टप्प्याटप्प्याने पाहणे योग्य ठरेल. शह बसला की खेळाडूच्या मनातले सगळे बेत जागच्या जागी थांबतात. हत्ती कुठे न्यायचा, प्यादे कधी पुढे सरकवायचे, हे सर्व बाजूला ठेवून आधी राजाकडे पाहावे लागते. या अनुभवावरून चौदाव्या शतकातच इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अचानक बसलेली खीळ, वाटेत आलेला अडसर, असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. अडवणारी गोष्ट ही ताब्यात ठेवणारी गोष्टही असते, म्हणून पुढे ‘लगाम’, ‘अंकुश’ हा अर्थ आला आणि ‘चेक’ हे एखाद्या हल्ल्याला, रोगाच्या फैलावाला किंवा स्वतःच्या रागाला आवर घालण्याचे क्रियापद झाले.

यापुढची पायरी हिशेबाची आहे. कारभाऱ्याने मनमानी करू नये म्हणून त्याच्या नोंदीवर दुसरी नोंद ठेवायची, दोन्ही ताडून पाहायच्या, म्हणजे त्याच्यावर अंकुश राहतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘चेक’ला हा ‘दुसऱ्या कशाशी तरी ताडून खरेखोटे ठरवणे’ असा अर्थ प्राप्त झालेला दिसतो, आणि आज जगभर सर्वाधिक वापरला जाणारा अर्थ तोच आहे. तपासणीचा अर्थ नियंत्रणाच्या अर्थातून निघाला, ही गोष्ट लक्षात ठेवली की ‘चेक’चे पुढचे बहुतेक सगळे वापर आपोआप उलगडतात.

फ्रेंच भाषेने मात्र याच शब्दाला दुसरीकडे वळवले. तिथे ‘एशेक’ म्हणजे अपयश. शह खाणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर तोही अर्थ स्वाभाविकच म्हणावा लागेल.

चौकटीच्या कापडाला ‘चेक्स’ का म्हणतात?

कारण ते बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ असे नाव होते. त्याचे इंग्रजीत ‘चेकर’ झाले आणि तेच कापडाच्या नक्षीला लागू करताना आखडून ‘चेक’ झाले. मराठीत चौकटीचा शर्ट, चौकडीचे लुगडे असे जुने शब्द आहेत, तरी दुकानात ‘चेक्सचा शर्ट’ हेच अधिक ऐकू येते. अमेरिकेत चौसष्ट घरांच्या पटावरच्या दुसऱ्या एका खेळाला ‘चेकर्स’ म्हणतात, तो यावरूनच.

पोर्तुगीज भाषेत याच्याशी समांतर अशी गोष्ट घडली आहे. तिथे बुद्धिबळाला आणि चौकटीच्या कापडाला ‘शद्रेश’ हा एकच शब्द आहे. मात्र तो ‘शाह’वरून आलेला नसून अरबी ‘शतरंज’वरून, म्हणजे अंतिमतः संस्कृत ‘चतुरंग’वरून आलेला आहे. गोव्याच्या कुणबी साडीच्या तांबड्या चौकटींकडे पाहून एखाद्या पोर्तुगीज माणसाने ‘शद्रेश’ म्हटले, तर नकळत तो एका भारतीय शब्दाचाच उच्चार करत असतो.

‘एक्सचेकर’ म्हणजे सरकारी खजिना. त्याचा या शब्दाशी काय संबंध?

अगदी जवळचा संबंध आहे, आणि त्याला कारण एका टेबलावरचे कापड आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे महसुली हिशेब वर्षातून दोनदा, ईस्टरच्या आणि मायकेलमस या सप्टेंबरअखेरच्या ख्रिस्ती सणाच्या सुमारास, तपासले जात. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात या कामाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. त्यानुसार सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा टेबलावर रेषा आखलेले काळे कापड पसरलेले असे आणि त्या रेषांमधील रकान्यांत नाणी किंवा चकत्या मांडून बेरीज-वजाबाकी केली जाई. रोमन अंकांत मोठे हिशेब करणे जिकिरीचे असल्यामुळे ही पद्धत फार उपयोगी होती. शिवाय लिहिता-वाचता न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपल्या नावावर किती रक्कम निघते, हे डोळ्यांनी दिसत असे.

हे कापड पटासारखे दिसे, म्हणून त्या कार्यालयालाच पटाचे नाव पडले. फिट्झनीलने दिलेले दुसरे कारणही विचार करण्यासारखे आहे: पटावर जशी दोन राजांची लढाई चालते, तशी इथे खजिनदार आणि जिल्ह्याचा महसूल गोळा करणारा शेरीफ यांच्यात झुंज होते, असे तो सांगतो. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ असेच म्हणतात. ब्रिटिश पंतप्रधानांचे ग्रामीण निवासस्थान ‘चेकर्स’ हेही बहुधा याच खात्यातील एका मध्ययुगीन अधिकाऱ्याच्या मालकीवरून ओळखले जाऊ लागले.

या खात्यात पैसे भरल्याची पावती म्हणून लाकडाची खाचा पाडलेली कांडी मधोमध चिरून तिचा एक भाग भरणाऱ्याला देत आणि दुसरा स्वतःकडे ठेवत. पुढे दोन्ही भाग जुळवून पाहिले की खोटेपणा तत्काळ उघड होई. ही पद्धत शतकानुशतके चालली. १८३४च्या ऑक्टोबरमध्ये या जुन्या कांड्या जाळताना लागलेल्या आगीत लंडनचे संसदभवन भस्मसात झाले.

बँकेच्या कागदाला ‘चेक’ हे नाव का मिळाले?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बँकेच्या कागदावरची खोटी सही आणि फिरवलेली रक्कम ही मोठी डोकेदुखी होती. बँक ऑफ इंग्लंडने १७१७मध्ये त्यासाठी छापील नमुने वापरायला सुरुवात केली, आणि कागदाचा जो अर्धा भाग किंवा जी नक्षी बनवेगिरीला आळा घालत असे, जिच्याशी मूळ कागद ताडून पाहता येत असे, तिला ‘चेक’ म्हणत. अठराव्या शतकात हे नाव त्या भागावरून हळूहळू संपूर्ण कागदाला लागू झाले. म्हणजे बँकेचा चेक हा मुळात पैसे देण्याचा आदेश म्हणून नव्हे, तर पडताळणीचे साधन म्हणून ‘चेक’ होता. आपल्या चेकबुकात उरणारा अर्धुक, म्हणजे काउंटरफॉइल, हा त्या जुन्या अर्थाचा खरा वारसदार आहे.

मराठीतील ‘धनादेश’ हा शब्द आदेशाच्या अंगावर बोट ठेवतो आणि कायद्याच्या दृष्टीने तोच अधिक अचूक आहे. परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), १८८१ या कायद्यातील व्याख्येतही ठरावीक बँकेवर काढलेला आणि मागणी होताच देय असलेला आदेश असेच त्याचे स्वरूप आहे.

‘चेक’ हा अरबी ‘सक्क’ या शब्दावरून आला असे वाचनात येते. ते खरे आहे का?

अरब व्यापारी रक्कम देण्याविषयीचा लेखी दस्तऐवज वापरत आणि त्याला ‘सक्क’ म्हणत, हे खरे आहे. हा शब्दही मूळ फारसीच असल्याचे मानतात. परंतु इंग्रजीतील बँकेचा चेक त्यापासून आला, याला आधार मिळत नाही. इंग्रजीत हा अर्थ अठराव्या शतकात, पडताळणीच्या अर्थापासून, डोळ्यांदेखत घडताना दिसतो, आणि त्यात अरबी दस्तऐवजाचा दुवा कुठेही लागत नाही. दोन्ही शब्दांचा उच्चार आणि व्यवहार जवळचा आहे, यापलीकडे त्यांचे नाते जोडू नये, असे माझे मत आहे.

दोन स्पेलिंगे का आहेत आणि कोणते केव्हा लिहावे?

मूळ स्पेलिंग सी-एच-ई-सी-के हेच. बँकेच्या कागदासाठी सी-एच-ई-क्यू-यू-ई हे स्पेलिंग एक्सचेकरच्या प्रभावाने ब्रिटनमध्ये तयार झाले आणि एकोणिसाव्या शतकात स्थिरावले. अमेरिकेने ते स्वीकारले नाही. भारतात आपण ब्रिटिश पद्धत पाळतो आणि १८८१चा कायदाही तीच वापरतो, त्यामुळे इथल्या बँकेच्या पत्रव्यवहारात क्यूचे स्पेलिंगच लिहावे. तपासणी, अडथळा, शह या अर्थांसाठी मात्र दोन्ही देशांत सी-के हेच चालते. देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि संदर्भावरून अर्थ कळतोही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना या शब्दाच्या वापरात कोणते फरक जाणवतात?

उपाहारगृहात जेवण झाल्यावर तिथे ‘चेक’ मागतात, म्हणजे आपल्या भाषेत बिल. आणि ‘बिल’ म्हणजे तिथे डॉलरची नोटही असू शकते. रोजच्या व्यवहारासाठीच्या बँक खात्याला ‘चेकिंग अकाउंट’ म्हणतात, जे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या चालू खात्याशी तंतोतंत जुळत नाही, कारण पगारदार माणसाचाही पगार तिथे याच खात्यात जमा होतो. बरोबरच्या खुणेला ब्रिटनमध्ये ‘टिक’, तर अमेरिकेत ‘चेक’ म्हणतात. ‘रेन चेक’ हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बेसबॉलच्या मैदानांवरून आला: पावसाने सामना रद्द झाला तर त्या तिकिटाच्या तुकड्यावर पुढचा सामना पाहता येई. त्यामुळे आमंत्रण मिळाल्यावर कुणी ‘रेन चेक’ घेतो म्हणाले, तर ते आता शक्य नाही, पुढे कधीतरी नक्की, असा त्याचा अर्थ समजावा.

राज्यशास्त्रातील ‘चेक्स अँड बॅलन्सेस’मध्ये ‘चेक’चा अर्थ तपासणी असा आहे का?

नाही, तिथे जुना अंकुशाचा अर्थ आहे. अमेरिकेच्या १७८७च्या संविधानानुसार काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी तो नकार रद्द करू शकतात. प्रत्येक सत्ता दुसरीला शह देऊ शकते. मराठीत यासाठी ‘नियंत्रण आणि संतुलन’ असे लिहितात व ते योग्य आहे. याच प्रकारे वर्तमानपत्रात ‘महागाईला चेक’ असे काही दिसले, तर तिथे आळा किंवा पायबंद अभिप्रेत आहे, हे ओळखावे.

‘चेकर्ड’ भूतकाळ म्हणजे तपासलेला भूतकाळ का?

नाही. पटावर जशी काळी-पांढरी घरे आलटून-पालटून येतात, तसा चढउतारांनी भरलेला आणि बऱ्याचदा काही काळे डाग असलेला भूतकाळ, असा त्याचा अर्थ आहे. एखाद्याचा गौरव करताना हा शब्द वापरू नये.

मराठीत लिहिताना ‘चेक करणे’ वापरावे का?

बोलण्यात त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की मुंबई-ठाण्याच्या सीमेवरचे मुलुंड चेक नाका हे ठिकाण जकात बंद झाल्यानंतरही त्याच नावाने ओळखले जाते. व्याकरणातही तो घरचाच झाला आहे: चेक वटतो, चेकवर सही करतात, आणि तो पुल्लिंगी चालतो.

लेखनात मात्र थोडे थांबून निवड करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण इंग्रजीत जिथे एकच क्रियापद आहे तिथे मराठीत अर्थाच्या छटा वेगळ्या करणारे अनेक शब्द हाताशी आहेत. डॉक्टर रुग्णाला तपासतात. प्रमाणपत्रावरची जन्मतारीख मूळ नोंदीशी पडताळून पाहतात. ऐकलेल्या बातमीची खातरजमा करतात, आणि संशयित गाडीची झडती घेतात. भाजी शिजली की नाही ते चाचपून किंवा चाखून पाहतात, चेक करत नाहीत. हे सर्व शब्द बाजूला सारून सगळीकडे ‘चेक करणे’ लिहिले, तर कुणी काय आणि कसे तपासले, ही माहितीच वाक्यातून नाहीशी होते.

चेक प्रजासत्ताक या देशाच्या नावाशी या शब्दाचा संबंध आहे का?

काहीही संबंध नाही. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचे स्वतःचे नाव असून इंग्रजीतले त्याचे स्पेलिंग पोलिश भाषेतून आले आहे.